टॉवरची नोंदवही

मोबाईल कंपन्यांकडे आपली किती माहिती साठते, हा विषय निघाला की माझे बरेच माजी सैनिक मित्र एकच वाक्य बोलतात. "अरे, आपण कुठे काय लपवतोय? ऐकायचं तर ऐकू दे त्यांना!" वाक्य मोकळ्या मनाचं आहे, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली अशी की ऐकल्याशिवाय कुणाला काही कळत नाही. दुसरी अशी की काही लपवायचं असेल त्यानेच गुप्ततेची काळजी करावी. इतरांनी असं म्हटलं तर मी समजू शकतो. पण ज्याने पाठीवर वायरलेस सेट वागवला आहे, किंवा 'रेडिओ सायलेन्स'चा हुकूम पाळत रात्र काढली आहे, त्याने तरी असं म्हणू नये.

आपल्याला सेट बंद ठेवायला का सांगतात? संदेश तर सांकेतिक भाषेत असतो, तो शत्रूला उलगडणार नाही. तरी बंद. कारण संदेश उलगडला नाही तरी तो कुठून निघाला, किती वाजता, कुणासाठी, दिवसातून किती वेळा, एवढं कळलं तरी शत्रूचं बरंच काम होतं. एका ठिकाणचे संदेश अचानक वाढले तर तिथे काहीतरी शिजतंय. एरवी बोलणारा सेट अचानक गप्प झाला तर युनिट हललं असावं. सिग्नल्सवाले या विद्येला 'ट्रॅफिक ॲनालिसिस' म्हणतात. त्यात मजकुराची गरजच नसते.

ही विद्या जुनी आहे. ३१ मे १९१६ रोजी, जटलंडच्या नौदल युद्धाच्या दिवशी, ब्रिटिश नौदल मुख्यालयातल्या एका अधिकाऱ्याने आपल्या गुप्तवार्ता विभागाला एवढंच विचारलं, की 'डीके' हा कॉलसाइन कुठे आहे? उत्तर मिळालं, विल्हेल्म्सहाफेनच्या बंदराकडे. 'डीके' हा जर्मन सेनापती शीअर याचा बंदरातला कॉलसाइन. म्हणून समुद्रावरच्या जेलिको यांना कळवण्यात आलं की जर्मन सेनापतीचं जहाज अजून बंदरातच आहे. काही तासांत तेच जर्मन आरमार त्यांच्यासमोर उभं राहिलं. शीअर समुद्रात निघताना आपला कॉलसाइन किनाऱ्यावरच्या केंद्राला देऊन जात असे. गुप्तवार्ता विभागाला हे ठाऊक होतं, पण प्रश्न विचारणाऱ्याने त्यापुढचं काही विचारलंच नाही. मला या प्रसंगात महत्त्वाची वाटते ती जर्मनांची खबरदारी. 'मी कुठे आहे' एवढी एकच गोष्ट लपवण्यासाठी ते इतकी तजवीज करत होते, कारण तिची किंमत त्यांना माहीत होती.

आता शंभर वर्षं पुढे या. १ जानेवारी २०२३ ला, नववर्षाची पहिली मिनिटं चालू असताना, दोनेत्स्क भागातल्या माकीव्का इथे रशियन सैनिकांचा मुक्काम असलेल्या इमारतीवर युक्रेनचे रॉकेट पडले. ८९ सैनिक मेल्याचं रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने मान्य केलं. बंदी असताना सैनिकांनी मोठ्या संख्येने मोबाईल वापरले, त्यावरून जागा सापडली, असं त्यांनीच जाहीर केलं. युद्धावर लिहिणाऱ्या काही रशियन लेखकांना ते पटलं नाही. इतकी माणसं एकाच इमारतीत ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा दोष जवानांच्या माथी मारला जातोय, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही खरं असू शकतं. पण फोन ठिकाण सांगतो, हे दोन्ही बाजूंना मान्यच होतं.

हे सांगण्यासाठी फोनमध्ये वेगळं यंत्र लागत नाही. फोन चालू असला की तो जवळच्या टॉवरशी संपर्क ठेवून असतो. तुम्हाला आलेला कॉल देशातल्या लाखो टॉवरांपैकी नेमका कुठे पाठवायचा, हे कंपनीला ठाऊक असल्याशिवाय घंटी वाजणारच नाही. तुम्ही चालत गेलात की एक टॉवर तुम्हाला दुसऱ्याच्या हवाली करतो. शहरात टॉवर जवळजवळ असतात, म्हणून तुमचा ठावठिकाणा काहीशे मीटरमध्ये कळतो. खेड्यात तो काही किलोमीटरमध्ये कळतो. कॉल केला की कुणाला, किती वाजता, किती वेळ आणि कोणत्या टॉवरवरून, याची नोंद होते. हाच तो 'सीडीआर', कॉलचा तपशील. परवान्याच्या अटींप्रमाणे कंपन्यांना तो पूर्वी निदान एक वर्ष ठेवावा लागे. डिसेंबर २०२१ पासून ही मुदत दोन वर्षं झाली आहे.

म्हणून मोबाईल कंपनी आणि ॲप यांत मी फरक करतो. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावर सीरिया-अफगाणिस्तानातल्या लष्करी तळांवरच्या धावण्याच्या वाटा चमकताना दिसल्या, आणि जगभरच्या सैन्यांना घाम फुटला. जुलै २०२० मध्ये आपल्या लष्करानेही ८९ ॲप फोनमधून काढून टाकण्याचा हुकूम दिला. काहींनी कुरकुर केली, पण ॲप काढता येतं. टॉवर काढता येत नाही. सिम घातलं की तुम्ही कंपनीच्या नोंदवहीत आलात.

ती नोंदवही वाचणाऱ्याला काय दिसतं, याचं एक काल्पनिक उदाहरण देतो. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, हे तिथे पोस्टिंग झालेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जवान तिथलं सिम घेतो आणि पहिला फोन घरी लावतो. आता समजा, एखाद्या खोऱ्यातल्या एका टॉवरवर आठवडाभरात दोन-तीनशे नवी सिम सुरू झाली. संध्याकाळच्या जेवणानंतर तासभर त्यांचे कॉल सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे जातायत, त्यातले काही अपशिंगे मिलिटरीलाही. मला सांगा, खोऱ्यात कोणत्या रेजिमेंटची पलटण आली आहे हे ओळखायला एक तरी शब्द ऐकावा लागेल का? पुढच्या महिन्यात ती सगळी सिम एकाच रात्री बंद झाली, तर त्याचा अर्थ सांगायला तरी कुणाची गरज आहे का?

हेच घरी बसलेल्या निवृत्त माणसाला लावून पाहा. दर मंगळवारी सकाळी फोन एका कर्करोग रुग्णालयाच्या टॉवरवर तीन तास थांबतो. किंवा घरातली लेक महिन्यातून चार वेळा एकाच वकिलाला फोन करते आणि प्रत्येक वेळी लगेच आईला. बोलणं कुणी ऐकलेलं नाही, पण गोष्ट कळली. यात लपवण्यासारखं म्हणजे लाज वाटण्यासारखं काहीच नाही. ती फक्त त्या घराची गोष्ट आहे, इतरांची नाही.

कंपन्या यावर म्हणतात, "आम्ही हे नेटवर्क सुधारण्यासाठी करतो." ते पुष्कळदा खरंही असतं. कॉल कुठे तुटतो हे कळल्याशिवाय टॉवर कुठे उभारायचा ते ठरत नाही. प्रश्न उद्भवतो तो ग्राहकाला न सांगता केलेल्या गोष्टींमुळे. २०११ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ट्रेव्हर एकहार्ट या तरुण तंत्रज्ञाने दाखवून दिलं की अनेक फोनमध्ये 'कॅरियर आयक्यू' नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर मोबाईल कंपन्यांच्या सांगण्यावरून आधीच बसवलेलं असतं. ते सहजी दिसत नाही आणि सहजी काढताही येत नाही. हे सॉफ्टवेअर चौदा कोटींहून अधिक फोनमध्ये असल्याचं ती कंपनीच सांगत होती. एकहार्टच्या व्हिडिओत दाबलेलं प्रत्येक बटण फोनमधल्या नोंदींत उमटताना दिसत होतं. नंतर दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा, ही सगळी बटणं कंपनीकडे पाठवली जात असल्याचा पुरावा मिळाला नाही. पण आपल्या फोनमध्ये असं काही आहे हे कोट्यवधी ग्राहकांना ठाऊकच नव्हतं, हे मात्र उरलंच.

त्या कंपनीची पहिली प्रतिक्रिया काय होती? एकहार्टला कायदेशीर नोटीस. डिजिटल हक्कांसाठी लढणारी एक संस्था त्याच्या बाजूने उभी राहिली, तेव्हा नोटीस मागे घेऊन माफी मागितली गेली.

आपल्याकडे २०१५ च्या जूनमध्ये जवळपास हेच घडलं. बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला दिसलं की एअरटेलच्या थ्रीजीवरून त्याचीच वेबसाइट उघडली तर तिच्यात त्याने न लिहिलेला कोड घुसलेला असतो. त्याने ते पुराव्यासह जाहीर केलं. मग तो कोड ज्यांचा होता त्या फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीकडून त्याला नोटीस आली. ग्राहकाला डेटाचा वापर समजावा म्हणून ही सोय आहे, असं एअरटेलने सांगितलं आणि त्या नोटिशीशी आपला संबंध नसल्याचंही स्पष्ट केलं. मला सोयीबद्दल तक्रार नाही. पण माझ्या नावे आलेलं पत्र पोस्टमनने वाटेत उघडून त्यात आपली चिठ्ठी घातली, आणि मी विचारल्यावर 'तुमच्या सोयीसाठीच' म्हणाला, तर मला ते कसं वाटेल?

न सांगता जमवलेली माहिती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहील, याची खात्री नसते. अमेरिकेतल्या मोठ्या मोबाईल कंपन्या ग्राहकांच्या ठिकाणाची माहिती मध्यस्थ कंपन्यांना विकत होत्या, आणि ते मध्यस्थ पुढे आणखी कुणाला. २०१८ मध्ये उघड झालं की मिझुरी राज्यातल्या एका शेरीफने अशा सेवेचा वापर करून न्यायालयाच्या परवानगीशिवाय लोकांचे फोन शोधले होते. त्यात एक न्यायाधीश आणि राज्य पोलीस दलातले अधिकारीही होते. पुढच्या जानेवारीत एका पत्रकाराने ३०० डॉलर मोजून एका फोनचा ठावठिकाणा बाजारातून मिळवून दाखवला. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने चार कंपन्यांना मिळून जवळपास २० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या.

हे अमेरिकेतच होतं असं समजू नका. २०१३ मध्ये दिल्लीत अरुण जेटलींचा कॉल तपशील बेकायदा मिळवण्याचं प्रकरण गाजलं आणि त्यात दिल्ली पोलिसांच्या एका शिपायाला अटक झाली. जेटली तेव्हा राज्यसभेतले विरोधी पक्षनेते होते. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने सीडीआर मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना पकडलं. राज्यसभेतल्या विरोधी पक्षनेत्यापर्यंत हात पोचू शकतो, तर सातारा जिल्ह्यातल्या सुभेदारसाहेबांच्या सुनेचं काय?

तपास यंत्रणांना ही माहिती मिळूच नये, असं मी म्हणत नाही. दहशतवाद्याच्या फोनच्या नोंदींवरून माग काढता येतो आणि त्यातून आपल्या पोरांचे जीव वाचतात. हरवलेलं मूल, खंडणीचा फोन, सायबर चोरी, सगळीकडे या नोंदी उपयोगी पडतात. नोंदवही राहणारच. ती कुणी, कोणत्या नियमाने उघडायची, एवढाच माझा प्रश्न आहे.

इथे आपल्या कायद्याची मांडणी मला उलटी वाटते. फोनवरचं बोलणं ऐकण्याबाबत कायदा कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच त्याला बंधनं घातली. आजही साधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा आदेश लागतो, आणि तो पुनर्विलोकन समितीपुढे ठेवावा लागतो. पण दोन वर्षांचा सीडीआर मागवायला वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची लेखी मागणी चालते. म्हणजे कायद्याच्या लेखी बोलणं नाजूक आणि नोंदी किरकोळ. सिग्नल्सच्या कुठल्याही नाईकाला विचारा. माणूस एका संभाषणात खोटं बोलू शकतो, पण दोन वर्षांच्या नोंदींत खोटं बोलणं फार कठीण.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्याने 'माझी माहिती तुम्ही आणखी कुणाला दिलीत?' असं कंपनीला विचारण्याचा हक्क दिला आहे. मात्र गुन्ह्याच्या तपासासाठी लेखी मागणीवरून माहिती दिली असेल, तर ते सांगायला कंपनी बांधील नाही. तपास चालू असताना ही सवलत मला पटते. संशयिताला आधीच सावध कोण करेल? पण तपास संपल्यावर, माझा काही संबंध नाही असं ठरल्यावरही, माझी दोन वर्षं कुणी चाळली हे मला कधीच कळू नये, हे पटत नाही.

लष्करात गोपनीय कागद कसा सांभाळतात, हे माझ्या वाचकांपैकी अनेकांनी केलेलं काम आहे. त्याला क्रमांक असतो. कोणी घेतला, कधी घेतला, कधी परत केला, याची सही असते. ठरलेल्या वेळी मोजणी होते आणि एखादं पान कमी भरलं तर चौकशी बसते. काम संपलं की तो साक्षीदारांसमोर नष्ट होतो आणि तसं प्रमाणपत्र फाईलला लागतं. आणि सगळ्यांत वरचा नियम असा की ज्याला कामासाठी गरज आहे त्यालाच तो दिसावा. हुद्दा मोठा आहे म्हणून नव्हे. या पद्धतीने लष्कराचं काम कधी अडलेलं मी पाहिलं नाही.

एका कागदासाठी हे होतं, तर माणसाच्या दोन वर्षांच्या हालचालींसाठी का होऊ नये? सीडीआर उघडला की कुणी, कोणत्या प्रकरणात आणि कशासाठी उघडला, याची न पुसता येणारी नोंद व्हावी. ती नोंद कंपनी आणि पोलीस दोघांच्या बाहेरच्या कुणीतरी वर्षातून एकदा तपासावी. मुदत संपल्यावर माहिती नष्ट केल्याचं प्रमाणपत्र कंपनीने द्यावं. आणि प्रकरण मिटल्यावर, ठराविक काळाने, ज्याची माहिती पाहिली त्याला तसं कळवावं.

यात सरकारचाही फायदा आहे, कारण लोकांचा विश्वास गमावला की चांगलं कामही अडतं. संचार साथीचंच पाहा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते त्यात कळतं, हरवलेला फोन बंद करता येतो. माझ्या मते प्रत्येक माजी सैनिकाने ते वापरावं. पण नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी ते प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवून देण्याचा आदेश निघाला आणि देशभर गदारोळ झाला. नको असेल तर ते काढून टाकता येईल, असं मंत्र्यांनी सांगितलं, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ॲप तेच, त्याचे उपयोग तेच. लोक बिथरले ते सक्तीच्या शब्दाने.

कायदा बदलेपर्यंत आपल्या हातात थोडंच आहे, पण तेवढं करावं. मोबाईल कंपनीच्या ॲपला लोकेशन आणि संपर्कयादीची परवानगी दिली आहे का ते आजच पाहा, बिल भरायला त्यातलं काहीच लागत नाही. सिम घेताना पुढे केलेल्या अर्जातल्या जाहिरातींच्या संमतीवर आपोआप खूण करू नका. घरातला मुलगा किंवा सून सेवेत असेल तर त्यांच्या नव्या नंबरवरून फोन आला की तो नंबर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. आणि कंपनीला लेखी विचारायची सवय लावा, की माझ्याबद्दल काय ठेवता, किती दिवस, आणि कुणाला देता? उत्तर येईल न येईल, पण हजारोंनी विचारलं की उत्तर तयार ठेवावं लागतं.

आणि पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी म्हणालं, "आपण कुठे काय लपवतोय", तर त्याला एवढंच विचारा: मग साहेब, तुमच्या वेळी सेट बंद ठेवायचा हुकूम कशासाठी होता?